मदत हवी आहे: लेखी पत्र न देता कामावरून काढलं, कोणत्या कायद्याखाली जावं?

भाऊ नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर, कायम कामगार. 4 ऑगस्ट 2025 ला पहिल्या पाळीला गेला तर गेटवर पंचिंग कार्ड चालेना. सिक्युरिटीने सांगितलं, 'तुमचं नाव काढलंय.' चार्जशीट नाही, चौकशी नाही, नोटीस पगार नाही. एचआरचं म्हणणं, आधी राजीनाम्यावर सही करा, मग हिशोब घ्या. सही केलेली नाही आणि करणारही नाही.

कामावर घ्या म्हणून रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, पोचपावती आली, उत्तर नाही. नेमणूक पत्र, पगारपत्रकं, पीएफ पासबुक हाताशी आहे. कंपनीत युनियन नाही. सुपरवायझर किंवा कंत्राटी नाही, मशीनवरच काम करायचा.

आतापर्यंत एवढं कळलंय: भावाला काढलं तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या (तो नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द झाला) कलम 2-अ खाली आधी समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज, 45 दिवसांनी थेट कामगार न्यायालय, असा रस्ता होता. दुसरा रस्ता महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याचा, पण तिथे 90 दिवसांची मुदत. शिवाय तिकडे तक्रार केली की कलम 59 मुळे त्याच बाबीसाठी पहिला रस्ता बंद होतो. म्हणून निवड चुकायला नको.

पैसे घेऊन मिटवायचं नाही, नोकरीच परत हवी आहे.

नाशिकच्या कामगार न्यायालयात अशी केस लढलेल्यांनी कृपया सांगा: लेखी आदेशच नसेल तर 90 दिवस गेट बंद झाल्यापासून धरतात का? आणि मागील पगारासह पुन्हा कामावर जायचं तर दोन्हींपैकी कोणता रस्ता धरावा?