१९१५ सालची गोष्ट लिहिताना इतिहास किती सांगावा?

कारेलीबागची_वाचक

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी सध्या एक दीर्घकथा लिहीत आहे आणि त्याबाबत बडोद्यातल्या लिहित्या मंडळींचा सल्ला हवा आहे. काळ १९१५ चा, ठिकाण डभोईजवळचे एक खेडे, आणि नायिका म्हणजे तिथे बदलून आलेल्या एका मराठी तलाठ्याची अकरा वर्षांची मुलगी. १९०६ साली बडोदा संस्थानभर लागू झालेल्या सक्तीच्या शिक्षणामुळे ती शाळेत जाऊ शकली. परंतु ही सक्ती मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंतच असल्याने, दहावे उलटताच तिची शाळा सुटली. वाचता येते, पण घरात वाचायला काही नाही, अशा अवस्थेत असताना बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडून फिरत्या ग्रंथालयाची, पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात येते. कथा तिथून पुढे सुरू होते.

माझे प्रश्न दोन आहेत. यातला किती इतिहास वाचकाला उघडपणे सांगावा? आणि सयाजीराव महाराजांना कथेत प्रत्यक्ष आणावे का? आपल्या घरांतून त्यांच्याविषयी इतके ऐकत आपण मोठे झालो आहोत की त्यांना वगळून ही गोष्ट लिहिणे मला जड जाते.

दांडियाबाजारकर

ताई, विषय फार सुंदर आहे. माझ्या मते महाराजांना प्रत्यक्ष आणू नये. ते आले की दरबार येतो, लवाजमा येतो, वाचकाची नजर त्यांच्यावर खिळते आणि तलाठ्याची मुलगी कोपऱ्यात उभी राहते. कायद्याचे म्हणाल तर १९०६ हे साल सांगण्याचीही गरज नाही. धाकटा भाऊ रोज सकाळी पाटी घेऊन निघतो आणि ही दारात उभी राहून त्याला पाहते, एवढे लिहिले की मुलामुलींच्या वयोमर्यादेतला फरक वाचकाला आपोआप समजेल, आणि कलम सांगून समजला असता त्याहून अधिक लागेल.

विश्वामित्रीकाठ

साल गाळावे हे मला पटते, पण महाराजांविषयी मी थोडा वेगळा विचार करतो. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून पाहणारा आणि पुढे अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून १९१० पासून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारणारा राजा त्या काळच्या खेड्यातल्या माणसांच्या बोलण्यात येत नसेल, हे संभवत नाही. त्यांना प्रवेश देऊ नका, पण त्यांचे नाव माणसांच्या तोंडी राहू द्या. एखादा आजोबा मुलींना शिकवण्याच्या हुकुमावर चिडलेला असावा आणि आजी त्याच हुकुमाच्या बाजूने बोलत असावी. घरातल्या वादात राजा सापडला, तर तो तसबिरीतल्या राजापेक्षा खरा वाटेल.

रावपुरा_ग्रंथप्रेमी

मी ग्रंथालयापुरते बोलतो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. वडील मुलीला बडोद्याला नेऊन मध्यवर्ती ग्रंथालय दाखवतात असा प्रसंग योजला असेल, तर एक काळजी घ्यावी. मांडवीजवळची जाड काचेच्या फरशीची आणि लोखंडी फडताळांची जी इमारत आपण आज पाहतो, ती १९३१ सालची आहे. तुमच्या मुलीला १९१५ मध्ये ती दिसणार नाही. पेटी मात्र निर्धास्तपणे लिहा. ती रेल्वेने जात असे आणि पाठवणीचा खर्च संस्थान सोसत असे. बडोद्याहून डभोईपर्यंत गायकवाडी संस्थानाची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती, पुढे बैलगाडी. हा सगळा प्रवास वर्णन करण्याचा मोह होईल. तो प्रवास मुलीने पाहिलेला नाही, तेव्हा तिच्या वाट्याला पेटीवरची धूळ आणि आतल्या पुस्तकांचा वास एवढेच यावे, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या खेड्यातली शाळा गुजराती असणार आणि पेटीतली पुस्तकेही बहुतेक गुजरातीच असणार. म्हणजे ही मुलगी वाचणार गुजरातीत, आणि शेजारी बसलेल्या आजीला ऐकवणार मराठीत. बडोद्याच्या मराठी घरांचे दोन भाषांतले जगणे या एका प्रसंगात संपूर्ण उतरू शकेल. मी तुमच्या जागी असतो, तर कथेचा सर्वांत मोठा भाग इथेच खर्च केला असता.

कारेलीबागची_वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. आजीला वाचून दाखवण्याचा प्रसंग मी नक्की घेणार आहे, आणि हुकुमावरचा वादही त्याच वाचनाच्या वेळी घडवीन, म्हणजे आजोबांना पुस्तक ऐकत ऐकतच विरोध करावा लागेल. एकच अडचण उरते. पेटी आली, मुलगी वाचू लागली, आजी ऐकू लागली. पण यापुढे कथेला ओढ कशाची द्यावी?

दांडियाबाजारकर

ओढ पेटीतच आहे, ताई. ती गावाला कायमची दिलेली नसे. मुदत संपली की परत जाई आणि तिच्या जागी दुसरी येई. आजीला सांगायला घेतलेली लांबलचक गोष्ट अर्धी झालेली असताना परतीचा दिवस जवळ आणा. मग मुलीने रात्री दिव्याच्या उजेडात वाचायचे, की उरलेला भाग वहीत उतरवून घ्यायचा, की स्वतःच्या मनाने पुढची गोष्ट रचून आजीला सांगायची, हे तिला ठरवू द्या. मला तिसरा मार्ग सर्वांत आवडेल, कारण त्यात वाचणारी मुलगी सांगणारी होते. पहिला खर्डा झाला की इथे जरूर द्या. आम्ही सावकाश वाचून सविस्तर लिहू.