मेटॅलिका पुढच्या दौऱ्यात भारतात येणार का? थांबायचं, की आखातात जाऊन बघायचं?

डाऊनपिकिंग_राजारामपुरी

नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटॅलिका, म्हणजे आपला लाडका अमेरिकन हेवी मेटल बँड, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये वाजवत होती. डिसेंबरात बहारीन, अबू धाबी. ऑकलंडहून आखाताकडे जाताना वाटेत कोण लागतं ते नकाशावर बघा. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज हाच विषय, पुढच्या दौऱ्यात आपण असणार की नाही.

माझं मत: येणार. पण युरोपात वाजवतात तसं नाही. त्यांचा एम७२ नावाचा जगदौरा एप्रिल २०२३ ला ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाला. मोठ्या शहरांत त्यांची पद्धत ठरलेली आहे. एकाच स्टेडियमात दोन रात्री, आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. स्टेज मैदानाच्या मधोमध, कड्यासारखं. कड्याच्या आतही पब्लिक, बाहेरही पब्लिक. कोल्हापुरात खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्येच आपल्याला तसं मैदान दिलं. हौदा मधी, लोक चारी बाजूंनी, कुठंही बसा, पैलवान दिसतोच.

तो सगळा सांगाडा इथं आणायचा तर स्टेडियम कितीतरी दिवस अडकून पडणार. म्हणून माझा अंदाज असा की एकच रात्र, नेहमीचं एका बाजूचं स्टेज, मुंबई नाहीतर बंगळूर. बहारीनला ते एका ॲम्फीथिएटरमध्ये एक रात्र वाजवून गेले. म्हणजे तेवढ्यासाठीसुद्धा ते येतात. पैसे आत्तापासून बाजूला टाका.

उत्तरेश्वरकर

नाही येणार. २०११ विसरलास का भावा? २८ ऑक्टोबर, गुरगाव. पब्लिक आत जाऊन उभं होतं, स्टेजपुढचं बॅरिकेड कोसळलं. शो आधी पुढं ढकलला, मग रद्दच केला. लोक स्टेजवर चढले, सामान फोडलं, आयोजकांच्या माणसांना अटक झाली. दोन दिवसांनी बंगळुरात वाजवलं आणि गेले ते गेले. त्यांच्या मॅनेजरच्या जागी मी असतो तर मीही बहारीनच धरलं असतं. दौऱ्याच्या तारखांत जरा मोकळे दिवस दिसले की तुम्ही त्यात मुंबई बसवता. दरवेळी जीव लावायचा आणि दरवेळी यादीत नाव नाही.

चन्नम्मा_एक्सप्रेस

उत्तरेश्वरकर, गुरगावचं खरं आहे, पण तू अर्धंच सांगितलंस. मी त्या ३० तारखेला बंगळुरात होतो.

तेव्हा राणी चन्नम्मा एक्सप्रेस कोल्हापुरातनं सुटायची. शुक्रवारी रात्री गुरगावची बातमी आली आणि शनिवारी आमची गाडी. चौघं होतो, चौघांनी वर्षभर साठवलेलं. घरातले म्हणाले, जाऊ नका, तिथंही दंगा होईल. तरी बसलो. बेळगाव गेलं, धारवाड-हुबळी गेली, प्रत्येक स्टेशनला फोन वर धरून रेंज शोधायची आणि बंगळूरला फोन लावायचा: शो आहे का? तिकडनं फोन उचलणारा पण म्हणायचा, अजूनतरी आहे. रात्रभर एकानंही डोळा मिटला नाही. रविवारी पॅलेस ग्राउंडच्या गेटातनं आत शिरलो, लांबवर स्टेजवर लायटी तपासत होते ते दिसलं, आणि आमच्यातला एक तिथंच खाली बसून रडला. अजून एक सूरही वाजला नव्हता.

शो पूर्ण झाला. देश तोच, पब्लिक तेच, मधे फक्त एक दिवस. गुरगावला बॅरिकेड पडलं, बंगळुरात टिकलं. एवढ्यावरनं सगळ्या देशाला नावं ठेवू नका. आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड २००७ बंगळूर, २००८ मुंबई, २००९ परत बंगळूर, असा सलग तीन वर्षं आलाच की. २००८ ला तर जगदौऱ्याचा पहिला शो वांद्रे-कुर्ला संकुलात होता आणि त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत आला होता.

उत्तरेश्वरकर

काका, तुमच्या प्रवासाबद्दल आदर आहे. पण २००९ नंतर मेडन तरी कुठं आली? मी हेच म्हणतोय. एकदा येतात, आपण दहा-पंधरा वर्षं त्यावर जगतो. मेटॅलिकाचा गायक हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिक दोघंही १९६३ चे. अजून किती दौरे धरायचे?

डाऊनपिकिंग_राजारामपुरी

२०११ चा भारत आणि आत्ताचा वेगळा आहे. मे २०२५ ला गन्स एन रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. जानेवारी २०२६ ला लिंकिन पार्क बंगळुरात आणि मुंबईत. कोल्डप्लेनं २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादला दोन रात्री केल्या. एवढ्या मोठ्या शोचं सामान उतरवणारी, स्टेज उभारणारी माणसं आता इथं तयार आहेत. कारण राहिलंय कुठं?

रंकाळा_रिफ

कारण मी सांगते. मैदानं मिळतात, पण तिथं माणसाची सोय नसते. गेल्या वर्षी मुंबईत एका मोठ्या शोला गेले होते. गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाण्याच्या रांगेत अर्धा शो गेला. बायकांची स्वच्छतागृहं मोजकीच, तीही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. शो संपल्यावर हजारो माणसं एका अरुंद वाटेनं बाहेर. मैत्रिणीचा हात सुटला तेव्हा जी भीती वाटली ती अजून आठवते. मुंबईची माणसं रिक्षा करून घरी जातात, आपण सकाळपर्यंत स्टेशनवर बसतो. मेटॅलिका यावी असं मलाही वाटतं. पण ‘या’ म्हणताना हे नीट करा असंही म्हणायला पाहिजे. नाहीतर पुढचं गुरगाव लांब नाही.

शाहूपुरी_४थी_गल्ली

म्हणून मी सरळ म्हणतो, आखातात जाऊया. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठायला अख्खी रात्र जाते आणि मुंबईहून अबू धाबी विमानानं तीन-साडेतीन तास. व्यवस्था चोख. ते इथं येतील म्हणून किती वर्षं बसायचं? ज्यांना जमतं त्यांनी चार-पाच जणांचा गट करावा, पुढच्या वेळी तारीख आली की लगेच निघायचं.

लेथ_आणि_लार्स

ज्यांना जमतं. भावा, ते दोन शब्द माझ्यासाठी लई मोठे आहेत.

मी उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतो. पासपोर्ट नाही. सुट्टी सोमवारी. शॉपमधी मशीनच्या आवाजात इयरफोन लावता येत नाही, म्हणून गाणी डोक्यातच वाजवत काम करतो. ड्रमचा डबल बास कुठं सुरू होतो, कुठं थांबतो, सगळं पाठ आहे. व्हिसा, विमान, हॉटेल, तिकीट, हे माझ्या पगारात बसत नाही आणि कर्ज काढून जाणार नाही, घरात बहिणीचं शिक्षण चालू आहे. मुंबई जमते. जनरलच्या डब्यातनं उभ्यानं जाईन. तुम्ही जरूर जा, राग नाही. पण ‘इथं नाही आले तरी चालेल’ असं म्हणू नका. इथं आले तरच मला बघायला मिळणार आहेत.

शाहूपुरी_४थी_गल्ली

तसं म्हणायचं नव्हतं मित्रा. पण वाटलं तुला तसंच, खरं आहे. माझी तयारी आखाताचीच राहील, मी आता थांबू शकत नाही. भारतात तारीख लागली तर तुझं तिकीट काढायला मी पण रांगेत बसणार.

उत्तरेश्वरकर

माझं मत बदललेलं नाही, येणार नाहीत. लेथवाल्या दादांसाठी मी चुकलो तर आनंद होईल.

चन्नम्मा_एक्सप्रेस

एक कामाची गोष्ट. कोल्डप्लेची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला सुटली, शो जानेवारीत. जवळजवळ चार महिने आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे शोचं तिकीट हातात आल्यावर दोन महिने गाडीची वाट बघायची, आणि त्या सकाळी आठला सगळ्यांनी एकदम बसायचं. ती तारीख मी लिहून ठेवतो. @लेथ_आणि_लार्स, जनरलनं जायचं नाही. आमच्या चौघांच्या आरक्षणात तुझं पाचवं नाव धरलंय.