मदत हवी आहे: आईचं दुखणं ट्रॅमाडॉलने थांबत नाही, मॉर्फिन द्यावं का?

अमळनेर_प
आईला कॅन्सर, मणक्यात पसरलाय. केमो बंद केली, डॉक्टर म्हणाले आता पॅलिएटिव्ह, म्हणजे फक्त त्रास कमी करायचा. ट्रॅमाडॉल देतोय, काडीचा फरक नाही. रात्रभर कण्हते. विचारलं की म्हणते, "काही नही रे भाऊ, बरं शे." मॉर्फिनचं नाव काढलं तर मामा अंगावर येतात. म्हणे ते शेवटचं औषध, सुरू केलं की माणूस गेलाच समजा. खरंय का हे? ज्यांनी घरात दिलंय त्यांनीच सांगा, आणि लवकर सांगा.

केळीवाला
महात्मा फुले योजनेत नाव घातलं का? रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. यादीतल्या दवाखान्यात केमो, रेडिएशन त्यातून होतं.

अमळनेर_प
दादा, योजना कधीच झाली. दुखण्याचं विचारतोय.

सिस्टर_धुळे
कॅन्सर मूळचा कशाचा? ट्रॅमाडॉल किती आणि कधी? घड्याळ पाहून देता की दुखलं की? दुखणं कसं आहे, ठणका, आग की करंट? पडून राहिल्यावर कमी होतं का? पोट साफ होतं का? पायात ताकद आहे ना? एवढं कळल्याशिवाय कोणीच नीट सांगू शकणार नाही.

तापीकाठ
वडिलांना तोंडाचा होता. गिळता येईना, तेव्हा मुंबईला टाटात फेंटानिलचा पॅच लावून दिला, दुखण्याचं औषध, कातडीवर चिकटवायचं. तीन दिवस बघायचं काम नाही. सरळ पॅच मागा, गोळ्यांच्या नादी लागू नका.

अमळनेर_प
स्तनाचा. ट्रॅमाडॉल ५०, फारच दुखलं तर देतो, सवय नको लागायला. पाठ सतत ठणकते, कूस बदलताना ओरडते. उजव्या मांडीत वरून खाली करंट येतो, चादर लागली तरी आग होते म्हणते. पोटाचं विचारलं नाही.

सिस्टर_धुळे
म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. ठणका हाडाचा, करंट आणि आग दबलेल्या नसेची. नसेच्या दुखण्याला नुसतं ट्रॅमाडॉल सहसा पुरत नाही, सोबत गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनपैकी काहीतरी देतात. हाडावर रेडिएशन होतं, पुष्कळदा एकाच बैठकीत, पण आराम पडायला दिवस-आठवडे जातात. आणि दुखल्यावर गोळी देणं बंद करा. दुखणं डोक्यावर चढलं की तीच गोळी कमी पडते. ५० ची ट्रॅमाडॉल साधारण सहा तास चालते. डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्या आणि झोपली असेल तरी त्या पाळा.
तापीकाठ, आधी मॉर्फिनसारखं औषध अंगवळणी पडलेलं नसेल तर पॅच लावत नाहीत. शिवाय उष्णतेने पॅचमधलं औषध अंगात जास्त जातं. आपल्याकडचा मे महिना, वर पत्रा, त्यात ताप आला तर काय? तुमच्या वडिलांना बसलं म्हणून सगळ्यांना बसेल असं नाही.

तापीकाठ
आमच्याकडेही पत्राच होता, काही झालं नाही. तीन महिने माणूस शांत झोपला. अनुभव सांगितला, डॉक्टरकी केली नाही.

जिभाऊ_पारोळा
मॉर्फिनने किडनी जाते. गुळवेल आणि अश्वगंधा सुरू करा, हळदीचं दूध द्या. माझा मावसभाऊ वर्षभर त्याच्यावर होता.

सिस्टर_धुळे
जिभाऊ, किडनीला जास्त धोका घराघरात मिळणाऱ्या डायक्लोफेनॅकचा. मॉर्फिन किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर ते अंगात साचतं, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून डोस ठरवतात. गुळवेलीने मणक्याचा ठणका थांबल्याचं मी वॉर्डात एकदाही पाहिलं नाही.

जिभाऊ_पारोळा
पाहिलं नाही म्हणजे होत नाही असं नाही ताई.

केळीवाला
तोंडाच्या कॅन्सरवरून आठवलं. २०१२ ला गुटखाबंदी झाली, आमच्या फाट्यावर आजही पुडी मिळते. यावर कोणी बोलत नाही.

तापीकाठ
अगदी. आमच्या म्हाताऱ्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

अमळनेर_प
अहो, गुटख्याचा वेगळा धागा काढा. मामांना काय सांगू आणि मॉर्फिन मिळतं कुठे, एवढंच सांगा.

सिस्टर_धुळे
मामांना सांगा, मॉर्फिन दुखण्याच्या जोरावर ठरतं, उरलेल्या दिवसांवर नाही. त्यावर महिनोन्महिने राहिलेली, घरात फिरणारी माणसं मी पाहिलीत. नीट डोसात दिलं तर त्याने आयुष्य तुटत नाही. साधी गोळी दर चार तासांनी. बद्धकोष्ठता जवळपास ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मळमळ, गुंगी बहुतेकांना सुरुवातीचे काही दिवस.
प्रत्येक मेडिकलवर मिळणार नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा फार कडक होता, २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भूल विभागात चौकशी करा, दुखण्याचं काम बहुधा तेच बघतात. पायांचं उत्तर राहिलं तुमचं.

चोपड्याची_सून
मध्येच बोलते. माझ्या सासूबाई मुलाला कायम "बरं शे"च सांगायच्या. शेत विकायला काढतील ही धास्ती. रात्री तेल लावताना मला सगळं सांगायच्या. "दुखतंय का" विचारूच नका. काल रात्री किती वेळा जाग आली, उठून मोरीपर्यंत जाता आलं का, हे विचारा. आणि तुम्ही नका विचारू, बायकोला किंवा बहिणीला विचारायला लावा.

सिस्टर_धुळे
हे लाखमोलाचं. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना सांभाळणारा दवाखाना, उघडलं, त्या हेच सांगत. पैशाची काळजी, एकटेपण, भीती हेही त्या दुखण्यातच येतं. ते कोणी ऐकून घेतलं नाही तर नुसता डोस वाढवून भागत नाही.

अमळनेर_प
बायकोने विचारलं. परवापासून पाय जड झालेत, चप्पल पायात आहे की नाही ते कळत नाही. मोरीत धरून न्यावं लागतं. लघवीही अडून अडून होते. गोळ्या उशीखाली सापडल्या, पोट कडक होतं म्हणून घेतच नव्हती. मला एका शब्दाने बोलली नाही.

सिस्टर_धुळे
बाकी सगळं सोडा, आत्ताच्या आत्ता निघा. मणक्यात मज्जारज्जू दबला असेल तर एकेक तास मोलाचा असतो. उचलताना पाठ वाकवू नका, आडवंच न्या. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे: स्तनाचा कॅन्सर मणक्यात आहे, पाय बधिर आहेत, लघवी अडते. लगेच स्टिरॉइड, एमआरआय आणि रेडिएशनचं विचारा. उद्याच्या ओपीडीची वाट बघू नका.

अमळनेर_प
गाडी बोलावली.

तापीकाठ
पोचलात की कळवा भो. धुळ्यात कोणी लागलं तर मी आहे.

जिभाऊ_पारोळा
माझी गाडी पण आहे, रात्री कधीही फोन करा. नंबर निरोपात टाकलाय.

अमळनेर_प
उशिरा लिहितोय. स्टिरॉइड त्याच रात्री दिलं, एमआरआयमध्ये दाब निघाला, रेडिएशन झालं. पायाची बोटं हलवते, उभं राहता येत नाही. किती परत येईल ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. मॉर्फिन कालपासून चार-चार तासांनी, सोबत पोटाचं औषध आणि नसेची गोळी. रात्री कण्हली नाही. मामा दारातून बघून गेले, बोलले नाहीत. पण दिवसभर झोपतेय. चालेल ना?

सिस्टर_धुळे
कित्येक रात्रींची झोप बाकी आहे तिची. हाक मारली की डोळे उघडते, ओळखते, घोटभर पाणी घेते, तर दोन-तीन दिवस बघा. नसेच्या गोळीनेही गुंगी येते. हलवूनही जागी होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटला तर पुढची गोळी न देता वॉर्डात फोन करा. आणि शौचाला कधी झाली ते वहीत लिहीत चला.