वर्ग का करायचा? शिक्षेचं वजन बघा

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, काढताना एक प्रश्न पडतो: सरासरीपासूनच्या फरकांचा वर्गच का, नुसतं ऋण चिन्ह काढून टाकलं तर काय बिघडतं? काहीच बिघडत नाही, त्याला सरासरी विचलन म्हणतातच. पण दोन्ही करून बघा.

कॉलेजला जायला दोन बस आहेत असं समजा. पाच दिवसांत पहिलीला उशीर ९, १०, ११, १०, १० मिनिटं आणि दुसरीला ०, ०, ५, ०, ४५. सरासरी दोघींची १०च! परीक्षेच्या दिवशी मात्र मी डोळे झाकून पहिली पकडेन.

आता दुसरीचे सरासरीपासूनचे फरक: -१०, -१०, -५, -१०, ३५. बेरीज शून्य, ती नेहमी शून्यच येणार. चिन्हं काढली तर सरासरी विचलन १४. वर्ग केले तर बेरीज १५५०, भागिले ५ म्हणजे प्रचरण (वर्गांची सरासरी) ३१०, वर्गमूळ घेऊन प्रमाण विचलन सुमारे १७.६ मिनिटं. त्या १५५० पैकी १२२५ एकट्या ४५ मिनिटांच्या दिवसाचे आहेत. मोठ्या फरकाला वर्गामुळे जास्त शिक्षा बसते. पहिल्या बसचं प्रमाण विचलन जेमतेम ०.६३.

खरी गंमत पुढे आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन प्रवासांची प्रचरणं सरळ बेरजेत मिळवता येतात. प्रमाण विचलनं ३ आणि ४ असतील तर प्रचरणं ९ आणि १६, बेरीज २५; म्हणून एकूण प्रवासाचं प्रमाण विचलन ७ नाही, ५ येतं. पायथागोरससारखं! चिन्हं नुसती पुसली तर ही सोय हातची जाते.

आणि हो, हे पाच दिवस नमुना धरून वर्षभराचा अंदाज बांधायचा असेल, तर वर्गांच्या बेरजेला ५ ऐवजी ४ ने भागा.