मदत हवी आहे: आईला घेऊन इजिप्त, पिरॅमिडच्या आत जायचं का?

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत आईला घेऊन इजिप्तला जातोय, कैरो, लक्झर, आस्वान असे ९ दिवस. आई ६८ वर्षांची आहे, शाळेत इतिहास शिकवायची, वर्गात पिरॅमिडचं चित्र खडूने काढून दाखवायची, त्यामुळे ही ट्रीप तिच्यासाठीच आहे आणि नीट व्हावी असं फार वाटतंय.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर तासभर आरामात चालते पण वाकून चढायचं म्हटलं की त्रास होतो. खुफूच्या पिरॅमिडमध्ये आत जाताना चढत्या बोगद्याची उंची जेमतेम १.२ मीटर आहे, म्हणजे कंबरेत वाकूनच चढायचं, वर हवा कोंदट. कोणी वयस्कर माणसांना नेलंय का? की बाहेरूनच बघून तो वेळ म्युझियमला द्यावा?

दुसरं, लक्झरला राजांच्या दरीत साध्या तिकिटात ३ थडगी बघता येतात, तुतनखामेन राजाच्या थडग्याचं तिकीट वेगळं. थडगं लहान आहे पण त्याची ममी अजून तिथेच आहे, आईला ती बघायचीच आहे. बाकीच्या ३ मध्ये कमी पायऱ्यांची कुठली?

आणि अबू सिंबेलचं प्राचीन मंदिर. आस्वानहून गाडीने जायलाच तीन-साडेतीन तास लागतात, पहाटे ४ ला निघून त्याच दिवशी परत म्हणजे तिला झेपेल का, की विमानाने जावं? २२ फेब्रुवारीला सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात तेव्हा खूप गर्दी असते म्हणे, म्हणून तो दिवस टाळलाय. प्लीज स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा, तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.