मदत हवी आहे: मेनूवरचं 'आल्ला अमुक, आल्ला तमुक' म्हणजे नक्की काय? (आईबाबा शाकाहारी, अर्जंट)

गवतीचहा:
आईबाबा उद्या संध्याकाळी पोचतायत, परवा त्यांना घेऊन जेवायला जायचंय, टेबल बुक झालंय आणि मी मेनूचा फोटो घेऊन तासभर बसलेय, काही कळत नाहीये. जेनोवेसे म्हणजे पेस्टोच ना? बाकी पार्मिजाना, मारिनारा, पुत्तानेस्का, बोस्काइओला, सोरेंतीना असं आहे. अ‍ॅपने जेनोवेसेचं भाषांतर 'जेनोवाची' केलं, त्याचं काय करू? लवकर सांगा.

तळेगावकर:
हो, पेस्टो. बेसिल, पाइन नट्स, लसूण, चीज, ऑलिव्ह ऑइल. डोळे मिटून मागवा. मी ३ वर्षं मिलानला होतो.

रानजाई:
थांबा, मागवू नका. कुठल्या गावात आहात?

गवतीचहा:
इटलीतच आहे की. गावाचा काय संबंध?

रानजाई:
गावाचाच तर आहे! नापोलीत 'ला जेनोवेसे' म्हणजे बीफ आणि ढीगभर कांदा, तासन्‌तास मंद आचेवर, कांदा पार विरघळेपर्यंत. पास्त्यावर नुसता सॉस घालून मांस वेगळं वाढायचीही पद्धत आहे, म्हणजे ताटात तुकडा दिसेलच असं नाही. नाव जेनोवाचं, पदार्थ नापोलीचा.

गवतीचहा:
अगं बाई. नापोलीच. आणि मेनूवर पेस्टो शब्द नाहीये, नुसतं ला जेनोवेसे.

तळेगावकर:
मिलानमध्ये तरी मी कायम पेस्टोच खाल्लाय.

रानजाई:
अहो मिलानचं मिलानला. 'आल्ला' म्हणजे अमक्या पद्धतीचं, आपण कोल्हापुरी, मालवणी म्हणतो तसं. पुढे गाव असतं नाहीतर माणसाचा धंदा. मारिनारा खलाशांवरून, पण मारिनारा पिझ्झावर मासा नाही, चीजही नाही, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. पण रिसोत्तो (भाताचा प्रकार) आल्ला मारिनारा असेल तर त्यात समुद्रातलं सगळं येतं! बोस्काइओला लाकूडतोड्यांवरून, त्यात मशरूम आणि बऱ्याचदा सॉसेज. ते सोडाच. आईबाबांना अंडं, चीज चालतं का?

गवतीचहा:
अंडं अजिबात नाही. चीज चालतं.

कोकमसरबत:
चीजमध्येही बघा. पार्मिजानो रेजानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतंच. पार्मिजाना म्हणजे वांगं, टोमॅटो, मोत्झारेला, पण वर हेच किसलेलं चीज, आणि नापोलीत काही जण वांगं अंड्यात बुडवून तळतात. पुत्तानेस्का मागवा, नापोलीत त्या टोमॅटो सॉसमध्ये फक्त ऑलिव्ह आणि केपर्स (आंबट-खारट कळ्या).

तळेगावकर:
चूक. पुत्तानेस्कात अँचोव्ही, म्हणजे छोटी खारवलेली मासळी, असतेच.

कोकमसरबत:
रोमकडे घालतात, नापोलीच्या जुन्या पद्धतीत नाही.

रानजाई:
भांडू नका, 'सेंत्सा आलीची' म्हणून सांगायचं, अँचोव्हीशिवाय.

इतिहासवेडा:
बोलोन्येजेचं कोणी बोललंच नाही. बोलोन्याच्या रागूची, म्हणजे मांसाच्या सॉसची, पाककृती १७ ऑक्टोबर १९८२ ला तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवली आणि २०२३ मध्ये सुधारली. आणि तो स्पॅगेटीवर नाही, तालियातेल्लेवर (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) घालतात. लोक सर्रास चुकवतात म्हणून सांगितलं.

गवतीचहा:
दादा, मांसाचं नकोच आहे.

सोनचाफा:
मी म्हणते बाहेर न्यायचंच कशाला? एवढ्या लांबून येतायत, पहिले २ दिवस मुगाची खिचडी आणि मेतकूट तूप भात द्या. माझ्या सासूबाईंना तेच लागलं होतं.

गवतीचहा:
काकू, खिचडी उद्या आहेच. परवाचं विचारतेय, बाबांना इथला पिझ्झा खायचाच आहे.

गवतीचहा:
आत्ता रेस्टॉरंटला फोन केला. जेनोवेसेत बीफच आहे. रानजाई, तुम्ही नसतात तर मी आईसमोर तेच ठेवलं असतं, खरंच हात थरथरतायत. पुत्तानेस्कात ते आलीची घालत नाहीत म्हणाले. बाबांना पिझ्झा मारिनारा, आईला न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे) आल्ला सोरेंतीना ठरवलंय, टोमॅटो आणि मोत्झारेलाचं, वरचं चीज नको सांगितलं.

कोकमसरबत:
न्योक्कीच्या पिठात अंडं घालतात का विचारलंत?

गवतीचहा:
नाही!! परत लावते फोन.