‘फेर्नझेअर’ हा टेलिव्हिजनचा अनुवाद नाही

शब्दवेध: जर्मनमध्ये टीव्हीला ‘फेर्नझेअर’ म्हणतात. फेर्न म्हणजे दूर, झेएन म्हणजे पाहणे. हा शब्द इंग्रजी ‘टेलिव्हिजन’वरून बेतला, असं आमच्या क्लासमध्ये शिकवलं गेलं. फोड बरोबर आहे, उगम साफ चुकीचा. जर्मन शास्त्रज्ञ लीझेगांग यांच्या १८९१च्या पुस्तकाच्या नावातच ‘फेर्नझेएन’ आहे, तेही विजेच्या संदर्भात. ‘टेलिव्हिजन’ हा शब्द रशियाच्या पेर्स्की यांनी पॅरिसच्या वीज परिषदेत वापरला तो १९०० साली. मग अनुवाद कुणी कुणाचा केला?

नदीकाठ: सालं मान्य, निष्कर्ष नाही. इंग्रजीवरून घेतला नसेल, पण ग्रीक ‘टेले’वरून, म्हणजे ‘दूर’वरून, घेतलाच. टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश श्टेफान यांनी १८७०च्या दशकात परक्या शब्दांना जर्मन पर्याय देण्याचा धडाका लावला होता. टेलिफोनचा ‘फेर्नश्प्रेशर’, म्हणजे दूर बोलणारा, तेव्हाचाच. ‘टेले’च्या जागी ‘फेर्न’ हा साचा लीझेगांगना आयता मिळाला. चित्र दूर पाठवण्यासाठी जर्मन संशोधक निपकोव्ह यांनी १८८४मध्ये छिद्रांच्या फिरत्या तबकडीचं पेटंट मागितलं, तेही ‘इलेक्ट्रिक टेलिस्कोप’ या नावाने. याला स्वतंत्र शब्द म्हणणं मला पटत नाही.

शब्दवेध: साचा श्टेफान यांचा नाही. दुर्बिणीला जर्मन लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून ‘फेर्नरोर’, दूरची नळी, म्हणत आले आहेत. आणि आपली ‘दुर्बीण’ घ्या ना! फारसी ‘दूरबीन’: दूर आणि बीन, म्हणजे पाहणारी. हुबेहूब फेर्नझेअर. दूरचं दिसायला लागलं की माणूस आपल्या भाषेत हेच दोन शब्द जोडतो, त्याला ग्रीकची परवानगी लागत नाही.

नदीकाठ: दुर्बिणीचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतला. पण १८९१च्या जर्मनीत टेलिग्राफ, टेलिफोन रोजच्या बोलण्यात होते. त्या वातावरणात ‘फेर्न’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘टेले’ नव्हतंच, हे मी मानणार नाही.

माजघर: तुम्ही दोघं जन्मावर भांडताय, मला जगण्याचं कुतूहल आहे. श्टेफान यांच्यामागे सरकारी खातं होतं, तरी आज जर्मन घरात ‘टेलेफोन’च वाजतो. ‘फेर्नझेअर’ मात्र टिकला. माझ्या मते कारण शेवटच्या ‘-अर’मध्ये आहे. गजराचं घड्याळ ‘वेकर’, उठवणारा. व्हॅक्यूम क्लीनर ‘श्टाउबझाउगर’, धूळ ओढणारा. त्या रांगेत हा सहज बसला. आपल्याकडे ‘दूरदर्शन’ वाहिनीचं नाव झालं, वस्तूला ‘दूरदर्शन संच’ म्हणावं लागलं. एवढं लांबलचक नाव घरात कोण घेणार? आम्ही ‘टीव्ही लाव’ म्हणू लागलो.